मी टिपलेली गावभरची पावलं

मित्रांनो, मी कॅमेरा आहे. फोनच्या पाठीवर टिकलीसारखा चिकटलेला नव्हे. चांगला मुठीत धरावा लागणारा, छोट्या कॅसेटवर फीत फिरवणारा, जुन्या खानदानाचा व्हिडिओ कॅमेरा. सध्या माझा मुक्काम सामोआतल्या सवाई बेटावर, बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात आहे. सोबतीला चौसष्ट कॅसेटी आहेत. भिंगाला बुरशी लागली आहे, पोटातला पट्टा सैल झाला आहे, पण आठवण अजून शाबूत आहे.

जपानमधल्या कारखान्यात माझा जन्म झाला. ऑकलंडच्या दुकानातून एपेनेसा नावाच्या सामोअन बाईने मला विकत घेतलं आणि गावी, आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पाठवून दिलं. हा पेनिआमिना, सगळ्यांचा पेनि, बस चालवतो. लाकडी बाकांची बस तो उत्तम चालवतो. मलाही त्याने बससारखंच चालवलं, म्हणजे वळण आलं की गर्रकन.

सुरुवातीला संकलनासाठी त्याच्याकडे दोन व्हीसीआर होते. एकावर चित्र लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं आणि नको तो भाग आला की झडप घालून थांबवायचं. पेनिचं बोट दर वेळी अर्धा सेकंद उशिरा पोचे. त्यामुळे त्याच्या चित्रपटात प्रत्येक भाषण पुढच्या माणसाच्या खोकल्याने संपत असे. मग चर्चच्या कचेरीत संगणक आला आणि पेनिला शोध लागला की एक चित्र तारा होऊन फुटतं आणि त्यातून दुसरं निघतं. झालं! एका लग्नात त्याने चाळीस तारे फोडले. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणता म्हणता तारा झाले आणि त्यांच्या जागी भाजलेलं डुक्कर आलं.

"पेनि, मी अजून जिवंत आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "वर पाठवायची एवढी घाई का बाबा?"

आता माझ्या एका दिव्याविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. मी चालू असलो की पुढचा लाल दिवा लागे. दिवा दिसला की गाव दगडासारखं ताठ बसे. हसणं बंद, बोलणं बंद, पापणीसुद्धा हलत नसे. म्हणून पेनिने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. लोक मोकळे झाले खरे. पण मी चालू की बंद हे आता फक्त मागच्या बारीक अक्षरांवरून कळायचं, आणि पेनि तर मला डोळ्याला लावताना चष्मा काढून ठेवी.

अशात पेनिच्या सासूबाईंचा, फेतुआओबाईंचा, ऐंशीवा वाढदिवस आला. एपेनेसाला येता येईना. तिला आठवड्यातून तीनदा मूत्रपिंडाच्या यंत्राला जोडून बसावं लागे. तिने फोनवर बजावलं, "पेनि, भाषणं नकोत, जेवणावळ नको. आईचा नाच तेवढा टिप. पुन्हा ती नाचेल न नाचेल."

"नाच टिपला नाही तर नाव बदलीन," पेनि म्हणाला.

माझं बटण एकच. एकदा दाबलं की मी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. त्या सकाळी कोणीतरी पेनिच्या पाठीत प्रेमाने थाप मारली आणि त्याचा अंगठा एकदा जास्तीचा दाबला गेला. तिथून आमचं गणित जे उलटं झालं ते दिवसभर उलटंच राहिलं. पेनि मला डोळ्याला लावी तेव्हा मी बंद, आणि कमरेला लटकवी तेव्हा मी इमानेइतबारे सुरू. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. पण आमच्या जातीला ऐकता येतं, बोलता येत नाही.

शेवटी सासूबाई नाचायला उभ्या राहिल्या. डोक्यावर पिसांचा मुकुट, अंगाला तेल, आणि हात असे की पाण्यावरून वारा जावा. लोक रडले. मीही सगळं पाहिलं. पण माझ्या पोटातली फीत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पेनि आणि त्याची बायको सिनालेई चर्चच्या कचेरीत संगणकापुढे बसले. पडद्यावर गवत आलं. मग पावलं आली, मग एक डुकराचं पिल्लू आणि पुन्हा पावलं.

"हे काय?" सिनालेईने विचारलं.

"सुरुवात आहे. वातावरणनिर्मिती."

"वीस मिनिटं झाली, पेनि. आणि हा तर मुलितालोंचा पाय."

पेनिच्या कपाळाला घाम फुटला. मुलितालो म्हणजे गावचे प्रमुख. बसल्या जागी कोणाकडे पाय करणं आमच्याकडे मोठा उद्धटपणा. पसरायचेच झाले तर वर चटई ओढतात. आणि इथे प्रमुखांचा उघडा पाय सात मिनिटं पडदा भरून बसला होता.

"हे बाहेर गेलं तर पंचायत आपल्याला डुकरांचा दंड ठोकेल," सिनालेई म्हणाली. "बरं, आईचा नाच कुठे आहे?"

नाच नव्हता. पेनि डोकं धरून बसला. मग म्हणाला, "पाच वर्षांपूर्वीचा नाच आहे माझ्याकडे. तो घालतो."

"त्यात आईचे केस काळे आहेत."

"रंगवले होते म्हणू."

"एका दिवसापुरते? लाज नाही वाटत? ती यंत्राला बांधलेली, आणि तू तिला शिळं वाढणार?"

फीत तशीच पुढे चालली होती. पडद्यावर दोन सुरकुतलेली, तेलाने चमकणारी पावलं आली आणि धापा टाकत सासूबाईंचा आवाज आला. "टिपलंस ना रे जावयबापू? अगदी शेवटी मी त्या भिंगात बघून हसले. तेवढं एपेनेसाचं. बाकीचा नाच पाहुण्यांचा. पोरीला म्हणावं, मी रागावले नाही हो, ती आली नाही म्हणून."

सिनालेई डोळे पुसून म्हणाली, "हेच पाठव. आणि काय झालं ते खरं खरं लिही."

पण आधी पेनि मुलितालोंकडे जाऊन, मान खाली घालून बसला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाय डावा की उजवा?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"मग पाठव. भोवरी उजव्याला आहे."

आयुष्यात पहिल्यांदा पेनिने काही कापलं नाही आणि एकही तारा फोडला नाही. त्याचा तो सर्वांत चांगला चित्रपट, असं माझं प्रामाणिक मत आहे. एपेनेसा यंत्राला जोडून बसली की तोच लावते. त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना आता आमच्या गावची माणसं पावलांवरून ओळखता येतात म्हणे.

कॅसेट पोचल्यावर तिचा फोन आला. सगळे जमले होते. नाच टिपलाच गेला नाही, हे सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन हिसकावून घेतला आणि आधी तेच विचारलं, "शेवटी हसले, ते दिसलं का गं?"

पेनिने डोळे मिटून घेतले.

"दिसलं, आई," एपेनेसा म्हणाली. "अगदी माझ्याकडेच बघत होतीस."

मित्रांनो, ते हसू जगात मी एकट्याने समोरून पाहिलं. आज सासूबाई नाहीत, आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. ते मला फार लागतं. माझ्याबरोबरच्या चौसष्ट कॅसेटींत अजून पुष्कळांचं हसू आहे आणि दर पावसाळ्यात एखादी फीत चिकटून जाते. तुमच्या घरीही असा डबा असेल. तो उघडा आणि जे वाचेल ते उतरवून घ्या. आणि आपलं माणूस भिंगात बघू लागलं की आधी खात्री करून घ्या, कॅमेरा सुरू आहे ना. पुन्हा हसायला सांगितलं तर ते हसेल हो, पण मग ते फक्त आपलं ऐकायचं म्हणून.