तीसच्या खाचेतली खुंटी

मी एक जुना गुडघापट्टा आहे, आणि मित्रांनो, कुणाच्याही शब्दावर मी चटकन विश्वास ठेवत नाही. हा दोष जन्मजात नव्हे. ज्या कारखान्यात माझ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या गेल्या आणि त्यांवर मऊ अस्तर चढले, तिथून मी निघालो तेव्हा भाबडाच होतो. माझ्या बाहेरच्या बाजूला एक तबकडी आहे. तिच्या कडेला अंशांच्या खाचा आणि खाचेत एक पोलादी खुंटी. खुंटी तीसवर असेल तर गुडघा जेमतेम वाकेल. नव्वदवर असेल तर काटकोनापर्यंत वाकेल, त्यापुढे केसभरही नाही. माझी सारी अब्रू त्या खुंटीवर टांगलेली आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या कपाटात माझी नेमणूक झाली. गरज असेल त्याने न्यावे, काम झाले की परत आणावे. माझा पहिला रुग्ण फुटबॉल खेळणारा होता. गुडघ्याच्या सांध्यात कूर्चेच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्यांतली एक त्याची फाटली होती आणि शल्यविशारदांनी ती टाके घालून शिवली होती. ते टाके जुळेपर्यंत मी पहारा करायचा होता. पण त्याने मला सोफ्याखाली सरकवले, आईला "पायातच आहे गं!" असे ओरडून सांगितले आणि तो मैदानावर गेला. परतला तो दोन मित्रांच्या खांद्यांवरून. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो. रुग्ण म्हणजे पहारा चुकवून पळणारा कैदी, अशी माझी खूणगाठ पक्की झाली.

पुढे नवे, चकचकीत पट्टे आले आणि मी सर्वांत वरच्या फळीवर गेलो. धूळ बसली. मग एके दिवशी फळी रिकामी होत होत माझ्यापर्यंत पाळी आली आणि मी मिस्त्रींच्या पायावर चढलो.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणारे. हाताखाली पाच-सहा कारागीर. लिफ्टच्या टपावरून मजल्यावर उतरताना पाऊल जागीच राहिले, अंग वळले, आणि गुडघ्यात 'टक्' झाले. आता गादी शिवलेली होती. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याइतका गुडघा सुधारला तर त्यांचे काम राहणार होते. नाही तर उरलेली वर्षे तक्रारींचे फोन उचलण्यात जाणार होती. मोठ्या साहेबांनी तसे स्वच्छ सांगितले होते.

फिजिओ बाई घरी आल्या. त्यांनी माझी खुंटी नव्वदच्या खाचेत बसवली.

"पडल्या पडल्या टाच हळूहळू मागे ओढायची. नव्वदपर्यंत बिनधास्त. त्यापुढे मात्र नाही, टाके ताणतील. उकिडवं बसणं तर विसराच."

"विसरलो," मिस्त्री म्हणाले.

इतक्या लवकर कुणी विसरते का? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

घरात माणसे दोनच, मिस्त्री आणि त्यांची पत्नी. त्या चष्म्याच्या दुकानात काम करत. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन त्या मला सोडवत, मिस्त्रींचा पाय पुसत, माझे पट्टे ओल्या फडक्याने स्वच्छ करून मला पलंगाजवळच्या खुर्चीवर टॉवेलखाली वाळत ठेवत आणि पुन्हा दुकानात जात. तेवढ्यात मिस्त्रींचा कामावरचा जोडीदार जेवणाचा डबा घेऊन टपकत असे. तो एका जागी बसत नसे, म्हणून सगळे त्याला 'स्प्रिंग' म्हणत. दोघे टीव्ही मोठ्याने लावून गप्पा मारत. जाताना स्प्रिंगच मला मिस्त्रींच्या पायावर चढवून जाई.

एका दुपारी, टॉवेलखाली असताना, माझ्या खुंटीला पोलादी दात लागले. वंगणाचा वास आला. खट्! खुंटी उपसली गेली आणि दुसऱ्या खाचेत बसली. मला वाटले, झाले, निघाला कैदी पळून! पण खाच होती तीसची.

मी चक्रावलो. कुंपण तोडणारे पाहिले होते. कुंपण आणखी आवळणारा चोर कधी ऐकला नव्हता.

पुढच्या भेटीत फिजिओ बाईंनी भुवया उंचावल्या. "मी नव्वदवर लावली होती ना?"

"मला काय माहीत?" मिस्त्री म्हणाले. "जुना पट्टा आहे. घसरत असेल."

मित्रांनो, घसरत असेल! हे ऐकून माझ्या पट्ट्यापट्ट्याला आग लागली. बाईंनी खुंटी पुन्हा नव्वदवर बसवली आणि गेल्या. आणि मी चौकशी हाती घेतली.

पहिला संशय मिस्त्रींच्या पत्नीवर, म्हणजे वहिनींवर. 'जपा हो, जपा' हा त्यांचा घोष दिवसभर चाले. नवऱ्याने पाय हलवला की त्यांचाच जीव हलायचा. पण त्यांच्या हाताला चष्मे पुसायच्या द्रवाचा वास असे, वंगणाचा नव्हे.

मग स्प्रिंग. त्याच्या खांद्यावर सदैव हत्यारांची पिशवी. शिवाय मिस्त्रींच्या गैरहजेरीत कारागिरांवर देखरेख त्याच्याकडे आली होती.

"तुझी खुर्ची गरम ठेवलीय बरं का मी," तो हसत म्हणाला.

"गरम ठेव, पण बूड चिकटू देऊ नकोस," मिस्त्री म्हणाले.

दोघे खो-खो हसले. मी हसलो नाही. गुडघा आखडला तर खुर्ची कुणाची? हेतू सापडला, हत्यार सापडले, वास जुळला. मी मनातल्या मनात स्प्रिंगला शिक्षाही ठोठावून टाकली. त्यानंतरही ते दात येतच राहिले. बाई खुंटी नव्वदवर लावून गेल्या की दुसऱ्या दुपारी वहिनी जाताना ती नव्वदवरच असे आणि मी पायावर चढेपर्यंत तीसवर येई.

वहिनींनाही आता शंका येऊ लागली होती. त्या स्प्रिंगला दारातच विचारू लागल्या, "भाऊजी, पट्ट्याला हात लावता का हो तुम्ही?"

"वहिनी, मी लिफ्ट दुरुस्त करतो, नवरे नाही."

शेवटी फिजिओ बाईंनी मिस्त्रींचा पाय हातात घेऊन वाकवून पाहिला. गुडघा चाळीसच्या आसपास अडला आणि कुरकुरत थांबला. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"व्यायाम करता ना?"

"रोज. पट्टा देतो तेवढा."

"हा असाच आखडत गेला तर भूल देऊन वाकवावा लागेल. आणि मग खड्ड्यात उतरायचं नावच नको. हा पट्टा आजच फेकून द्या, मी दुसरा मागवते."

वहिनींनी मला उचलले. मिस्त्री छताकडे पाहत राहिले. मी कचऱ्याच्या वाटेला लागलो होतो आणि खरा गुन्हेगार तिथेच डबा उघडून बसला होता! पण त्यानेच हात पुढे केला.

"बघू जरा."

स्प्रिंगने मला खिडकीपाशी नेले. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी उभा राहिला. त्याने खुंटी ओढून पाहिली, दाबून पाहिली.

"ही घसरत नाही. घसरली असती तर खाचेची कड झिजली असती. ही कुणीतरी पकडीनं बसवलीय. दातांचे ओरखडे आहेत बघा. मधला एक दात नाही." तो मिस्त्रींकडे वळला. "तुझ्या पकडीचा मधला दात कुठे तुटला होता रे? आठवतं?"

मिस्त्रींनी सावकाश उशीखाली हात घातला आणि आपली जुनी पक्कड काढून चादरीवर ठेवली. स्प्रिंग ताटली धुवायला स्वयंपाकघरात गेला की त्यांचा हात खुर्चीपर्यंत सहज पोहोचत असे.

कुंपणच शेत खात होते, मित्रांनो.

"अहो!" वहिनी ओरडल्या.

"झोपेत वाकला तर?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका बारीक ऐकला. "ती शिवण मला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर मी भरवसा कसा ठेवू? आमच्यात हलणाऱ्या वस्तूला आधी कुलूप घालतात, मग हात. मला तो 'टक्' अजून ऐकू येतो."

"काका, शिवण नीट जुळतेय, मी दर भेटीत तपासते," फिजिओ बाई म्हणाल्या. "पण सांधा हलला नाही तर तो गंजतो. सांभाळायचा म्हणजे बांधून ठेवायचा नाही."

बाई खुंटीला हात घालणार तोच स्प्रिंगने त्यांना थांबवले.

"बाई, राहू द्या. आमच्यात एक नियम आहे. लिफ्टच्या मेन स्विचला जो आपलं कुलूप घालतो, ते तोच काढतो. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, साहेबानंसुद्धा." तो मित्राशेजारी बसला. "सांग, काम संपल्यावर कुलूप लटकतं ठेवलं तर काय होतं?"

"लिफ्ट चालत नाही," मिस्त्री पुटपुटले.

"मग काढ की लेका. आम्ही सगळे खालच्या मजल्यावर थांबलोय."

मिस्त्रींनी पक्कड उचलली. खट्. तीसची खाच रिकामी झाली. खट्. नव्वद. मग त्यांनी मला पायावर चढवले, डोळे मिटले आणि टाच मागे ओढली. चाळीसपाशी त्यांच्या कपाळावर घाम आला. तिथून पुढचे थोडेसेच अंतर त्या दिवशी पार झाले. पण 'टक्' झाले नाही. वहिनींनी पक्कड उचलून पदरात गुंडाळली. "ही आता माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. त्यांनी अजूनही नवऱ्यावर पुरता विश्वास टाकला नव्हता, आणि खरे सांगू? मीही नाही.

पुढे कुबड्या सुटल्या, मग मीही सुटलो. शिडीची परवानगी मिळाली, आणि शेवटी खड्ड्यात उतरण्याचीही. मात्र बसायला स्टूल घेऊनच. मला परत करायला मिस्त्री स्वतः रुग्णालयात आले. माझे अस्तर धुतलेले होते, तबकडीला तेलाचा एक थेंब दिलेला होता. ते जिन्याने वर आलेले पाहून कपाट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारले, "अहो, लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे," मिस्त्री म्हणाले. "आत्ताच खड्ड्यात उतरून चालू करून आलो. म्हटलं, जिन्यावर गुडघाही बघावा."

आता मी पुन्हा कपाटात आहे. बाहेर पावले वाजली की कान टवकारतो. मित्रांनो, शरीराची काळजी जरूर घ्या. दुखऱ्या भागाला विश्रांती द्या, सांगितलेली मर्यादा ओलांडू नका. पण भीतीने घातलेली कुलपेही वेळेवर काढा, आणि ज्याची त्यानेच काढा. नवा रुग्ण आला की मी त्याच्या पायांकडे पाहत नाही. त्याच्या उशीखाली काय आहे, ते आधी पाहतो.