दोनदा शिकवलेला ‘थांब’

आमच्या कारखान्यात सूत रंगतं. वाफ अशी, की आत शिरलेला माणूस आधी विरघळतो आणि मग टाकीजवळ निळा नाहीतर हिरवा होऊन उगवतो. टाकीच्या अंगाला एक खोका आहे. पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, ते तोच बघतो. ह्यांनी त्याला फोर्थ नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एकेक शब्द शिकवला. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले : ढवळ, निथळ, थांब. शब्द टाइप केला की खोका ‘ओके’ म्हणतो. इतक्या मुकाट्याने ह्या घरात माझं दुसरं कोणी ऐकत नाही.

हे गेल्यापासून रंग मी पास करते. चार बुकं शिकले नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे कोणाची हुशारी चालत नाही.

खोक्याशी बोलायचा जुना कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजतोय. म्हणून ह्यांनी लिहिलेलं सगळं सूनबाई लॅपटॉपवर आणत होती. तिथला नवा प्रोग्रॅम चुकेल तिथे लाल रेघ ओढतो.

“आई, ‘थांब’ दोनदा शिकवलाय.”

“एकदा सांगून तुझ्या सासऱ्यांना कुठे कळायचं? मशीन त्यांच्यावरच गेलं.”

“पहिला आखूड, दुसरा लांब. जुनी कामं पहिला वापरतात, नंतरची दुसरा. खोक्याला चालतं ते, पण नव्या प्रोग्रॅमला एका नावाचा एकच लागतो. लांब काढून टाकू? टाकी निथळल्यावर तो नुसता उभा राहतो. सूत उगाच गार होतं.”

मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्याकडे बातमी असते.

तेवढा वेळ मला पाठ होता. पाणी निथळतं, टाकी मुकी होते, वाफ सावकाश दुभंगते, जणू कोणाला वाट देतेय. त्यातून हे खिडकीजवळच्या खुर्चीतून उठून रंग बघायला जायचे. उमेदीत दोन ढांगांत. पुढे गुडघे गेले, पण काठी नको, कोणाचा हात नको. मला वाटायचं, मशीन म्हातारं झालं, म्हणून जास्त थांबतं. ह्यांनी त्यालाच गुपचूप सांगून ठेवलेलं, मी पोचेपर्यंत दम धर.

“काढ,” मी म्हणाले. “माझे पाय काही त्यांच्यासारखे नाहीत.”

तिने आखूड लावला. मी त्याच खुर्चीत बसले. टाकी मुकी झाली, मी उठले, वाफेत शिरले. पांढऱ्यात पांढरं. आपण चालतोय की तरंगतोय, कळेना. अर्ध्या वाटेवर होते, तोच पाणी धो धो आत आलं. न बघितलेला रंग त्यात बुडाला.

सूनबाईने मान वर केली नाही. लॅपटॉपकडेच बघत राहिली. गुणाची आहे, पण तिला सांगायचं नाही.

“दोन्ही ठेवते,” ती म्हणाली. “लांबाला फक्त वेगळं नाव लागेल. काय देऊ?”

वाफ अजून माझ्याभोवती होती, आणि तिच्यात पुढे कोणीतरी सावकाश चालत होतं.

“‘येते’ दे,” मी म्हणाले.

तिने टाइप केलं. खोका म्हणाला, ओके.