मामा मारतो

"मामा मारतो गं," आई कुजबुजली, आणि धाकटीला चक्क हसू आलं.

आई तिच्या मामाकडे वाढलेली. तो मामा म्हणजे जमदग्नी, उठता-बसता हात उगारायचा. त्याला जाऊन जमाना लोटला, पण आईच्या डोक्यात हल्ली सगळ्याची खिचडी झाली होती. "अगं, मामा कधीच गेला," म्हणत धाकटीने तिची समजूत काढली.

निघताना वृद्धाश्रमाच्या जिन्यात तिला एक माणूस भेटला, आईला रोज उचलून खुर्चीत बसवणारा, भरवणारा. भारी गोड बोलायचा मेला! धाकटीने त्यालाही हसत सांगितलं, "आई म्हणते, मामा मारतो." तोही हसला.

पुढच्या रविवारी आईचा दंड काळानिळा. "पडल्या," नर्स म्हणाली आणि बाहेर जाऊन ओरडली, "मामा, सहा नंबरला भरवा हो!"

"आलो, आलो." आवाज त्याचाच.

धाकटीला आत्ता उमगलं. इथे सगळे ह्यालाच मामा म्हणत होते. आणि आपण काय केलं? आईची तक्रार नेऊन त्याच्याच कानात घातली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तो ताट घेऊन आत आला. "काय आजी, आज कुणी मारलं नाही ना?"

आईने डोळे मिटले आणि आ वासला. घास अजून ताटातच होता.

"मी आईला घरी नेतेय. आत्ता." धाकटी म्हणाली.

"न्या की," तो म्हणाला, पण दार अडवून उभा राहिला.

तिने आईची चाकांची खुर्ची वळवली, तोच शेजारच्या खाटेवरून एका हाताने तिचं मनगट धरलं. ही आजी एरवी कायम झोपलेली असायची. आता टक्क जागी होती.

"हिला नेलंस की तो माझ्यामागे लागेल गं पोरी."

पळून जावं असं धाकटीला फार वाटलं. खोटं कशाला बोला! पण तिने खुर्चीचा ब्रेक लावला आणि त्याच्यासमोरच पोलिसांना फोन लावला. "दोघीजणी आहेत," ती कशीबशी म्हणाली. "एक माझी आई. दुसऱ्या... आजी, तुमचं नाव काय?"

आजीने आधी मामाकडे पाहिलं. मग धाकटीचं मनगट आणखी आवळून तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, खणखणीत.