चौदा वेळा लागलेला दिवा

मित्रांनो, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात, रस्त्यापासून आत असलेल्या एका घराच्या मागच्या भिंतीवर मी राहतो. मी दिवा आहे. माझं वय तीन वर्षं. तुमच्यात या वयाला बालवाडीत घालतात, आमच्यात निकालात काढतात. माझी काच पिवळी पडली आहे, एका कोपऱ्यात कोळ्याने घर केलं आहे आणि पावसाचं पाणी शिरून माझी एक बाजू अंधूक झाली आहे. तरी मी अजून लागतो. रोज संध्याकाळी लागतो. ते का, हेच सांगायचं आहे.

मी साधा दिवा नाही. माझ्याखाली अर्ध्या कांद्याएवढा पांढरा गोळा आहे. तो माझा डोळा. समोर अंगात ऊब असलेलं काही हललं की तो मला जागं करतो. मग मी चाळीस सेकंद लागतो आणि त्याच वेळी मालकाच्या फोनवर एक ओळ जाते : ‘मागचं अंगण – हालचाल’. बस्स, एवढीच ओळ. कोण हललं, कशासाठी हललं, ते मी सांगू शकत नाही. माझ्यात कॅमेरा नाही. मालक मात्र कुठेही असला तरी फोनवर बोट टेकवून मला लावू शकतो आणि बोट टेकवून बंद करू शकतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. साखरेच्या नव्हे, दिव्यांच्या. एका बाईने मला दोन मिनिटं लावून पाहिलं, ‘पास’ असा शिक्का मारला आणि खोक्यात घातलं. माझ्यासारखे तिघे एकदम विकत घेतले ते राजवर्धन नावाच्या माणसाने. तो पुण्यात एका कंपनीत व्यवस्थापक आहे. गावाकडच्या घरात त्याची आई कौसल्याबाई एकट्याच राहतात. त्या वर्षी शिवारात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. म्हणून एक दिवा फाटकावर, एक मोटारघरावर आणि मी मागच्या अंगणात.

मला बसवायला वायरमन जोतीराम आला. शिडीवरून खाली बघत तो म्हणाला, ‘‘मावशी, आता मांजराला बी परवानगी काढून यावं लागंल.’’

‘‘आन मला?’’ कौसल्याबाईंनी विचारलं.

‘‘तुमाला तर पयली!’’

दोघंही हसली. मीही तेव्हा नवा होतो, मला ते चांगलंच वाटलं.

दुसऱ्याच महिन्यात मोटारघरावरचा माझा भाऊ दिवेलागणीनंतर एकाएकी लागला आणि दोन माणसं अर्धी कापलेली केबल टाकून पळाली. मग आमचं कौतुक झालं. लोक बघायला आले. दिवाळीत राजवर्धन गावी आला, तेव्हा त्याने खुर्चीत बसल्या बसल्या फोनवर बोट टेकवून आम्हा तिघांना लावून, विझवून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘पुण्यात बसून मला सगळं दिसतं,’’ तो म्हणाला. ते खरं नव्हतं. पण ऐकायला छान होतं आणि त्याला कोणी टोकलं नाही.

आता शेजारच्या घराबद्दल. शेजारी राजवर्धनचा चुलतभाऊ माऊली राहतो. त्याची आई दगडाबाई म्हणजे कौसल्याबाईंची थोरली जाऊ. वाटणी होण्याआधी या दोघींनी छत्तीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला. पुढे एका हंगामात माऊलीने आपल्या रानातून राजवर्धनची उसाची ट्रॉली जाऊ दिली नाही. वाट कोणाची, यावर दोघं हातघाईला आले. ऊस उभाच राहिला, त्याला तुरे येऊन वजन घटलं. मग दोघांनी मिळून, म्हणजे अर्धी अर्धी, दोन घरांच्या मध्ये भिंत घातली. मागच्या बाजूची शेवटची आठ फुटं तेवढी राहिली. तिथून विहिरीची पाइपलाइन जाते आणि ती कोणी उकरायची यावर दोघांचं जमलं नाही.

भिंत झाल्यावर दोन्ही पोरांनी आपापल्या आईला सांगितलं, की तिकडे बोलायचं नाही. माऊलीने तर दगडाबाईंना बजावलं, ‘‘काकी आपल्या अंगणात दिसली तर मी पाय मोडीन. कुणाचं ते आत्ता सांगत न्हाय.’’

सत्तरी ओलांडलेल्या दोघी. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आठ फुटांच्या खिंडारातून दगडाबाई संध्याकाळी या अंगणात यायला लागल्या. इथे धुण्याचा एक मोठा दगड आहे. त्याच्यावर दोघी शेजारी शेजारी बसायच्या, अर्धा तास बोलायच्या. दिवसभरात दोघींना दुसरं काही नको असायचं.

तेव्हा मी नव्हतो. मी आल्यावर ते अवघड झालं.

एक दिवस राजवर्धनचा फोन आला. ‘‘आई, पावणेसातला मागं काय करत होतीस?’’

‘‘भांडी घासत हुते.’’

‘‘आणि सव्वासातला?’’

‘‘राख टाकाया गेलते.’’

‘‘एकटीच?’’

‘‘न्हाय, कलेक्टर आलाता संगं.’’

‘‘चेष्टा नको, आई. त्या दिव्यातनं मला सगळं दिसतं. कोण येतं, कोण बसतं, सगळं. दगडाकाकी दिसल्या तर मी माऊलीला फोन करीन, मग तो बघंल त्याच्या आईकडं.’’

कौसल्याबाईंचा चेहरा माझ्या उजेडात होता. त्यांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे वर बघितलं. त्या दिवसापासून त्या माझ्यासमोर पदर नीट करून यायला लागल्या, जसं कोणी परका पुरुष बसला आहे.

तीन आठवडे दगडाबाई आल्या नाहीत. मग एका संध्याकाळी कौसल्याबाई दगडावर एकट्याच बसल्या होत्या, बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि चाळीस सेकंदांनी मी विझलो. हात हलला तेव्हा पुन्हा लागलो. त्या हुशार होत्या. पुन्हा गप्प बसून बघितलं. मी पुन्हा विझलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिंडारापाशी जाऊन दगडाबाईंना सांगितलं, ‘‘अक्का, हललं न्हाय की ह्यो विझतोय. विझला की अंधारात राजाला काय दिसणार?’’

मग त्यांची रीत ठरली. ओळखू येऊ नये म्हणून दगडाबाई तोंडावर पदर ओढून यायच्या, मी लागायचो, दोघी दगडावर बसायच्या आणि पुतळ्यासारख्या थांबायच्या. मी विझलो की बोलायला सुरुवात. हात उचलायचा नाही, मान वळवायची नाही, हसायचं तेही अंग न हलवता. राजवर्धनने विचारलं तर ‘‘कामाची बाई आलती’’ हे उत्तर ठरलेलं.

‘‘मच्छर चावतोय गं कौसे,’’ एकदा दगडाबाई म्हणाल्या.

‘‘चावू दे.’’

‘‘नाकावर बसलाय.’’

‘‘फुंकर मार. पर हळू.’’

‘‘सासू बरी हुती गं ह्या दिव्यापरीस. ती निदान झोपायची तरी.’’

असं सव्वा वर्ष चाललं. त्या मला फसवत होत्या आणि मला ते आवडत होतं. मी त्यांच्या बाजूचा होतो, असं म्हणायला मला आवडेल. पण ओळ मी दर वेळी पाठवत होतो.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या बारा तारखेला संध्याकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दगडाबाई आल्या. मी लागलो, विझलो. त्या खुशीत होत्या. नातीचं, सुप्रियाचं, लग्न माळेगावात ठरलं होतं. लहानपणी त्या पोरीला कौसल्याबाईंनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं.

‘‘हळदीला तू पायजेस,’’ दगडाबाई म्हणाल्या. ‘‘लपून न्हाय, फुडच्या दारानं. म्या ठरवलंय. उद्या माऊलीला समोर बसवती आन सांगती, की कौसी न्हाय तर...’’

त्या थांबल्या. कौसल्याबाई वाट बघत राहिल्या. अंधारात एखादी बाई मध्येच थांबते, विचार करते, यात विशेष काही नाही. हलायचं नाही, ही सव्वा वर्षाची सवय. तीन मिनिटं त्या तशाच बसून राहिल्या, शेजारच्या बाईला काय झालं आहे हे न कळता.

‘‘अक्का?’’

मग त्यांनी हात लावला. सात त्रेपन्नला मी लागलो. दगडाबाईंचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. लाळ गळत होती. डोळे उघडे होते आणि त्या कौसल्याबाईंकडेच बघत होत्या.

कौसल्याबाई ओरडल्या नाहीत. माऊलीचं दार तिथून चाळीस पावलांवर. पण त्या तिकडे गेल्या नाहीत, कारण त्यांच्या मते मदत आधीच निघाली होती. राजाला सगळं दिसतं. तो बघतच असणार. आजवर मी लागोपाठ दोन-तीनदा लागलो की त्याचा फोन यायचा. तो आला की सांगायचं, माऊलीला कळव, गाडी पाठव. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि हातात धरला. आलेला फोन घ्यायला त्यांना येत होतं, लावायला येत नव्हतं.

फोन आला नाही. मी विझलो. त्यांनी हात हलवला, मी लागलो. पुन्हा विझलो, पुन्हा लागलो. मग त्या उठल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून दोन्ही हात वर करून हलवायला लागल्या.

‘‘राजा, बघ रं! हिकडं बघ!’’

त्यांनी दगडाबाईंची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. ‘‘ह्ये बघ अक्काचं तोंड. दिसतंय न्हवं तुला? फोन कर रं. माऊलीला फोन कर. म्या पाया पडती तुझ्या.’’

आणि त्या खरंच खाली वाकल्या, माझ्या दिशेने.

राजवर्धन त्या वेळी पुण्यात एका हॉटेलात कंपनीच्या पाहुण्यांबरोबर जेवत होता. त्याच्या फोनवर ‘मागचं अंगण – हालचाल’ ही ओळ चौदा वेळा गेली. एकेका ओळीबरोबर फोन टेबलावर थरथरायचा. पाहुण्यांपैकी कोणीतरी हसून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘काही नाही, गावाकडची मांजरं.’’ त्याने बोट टेकवलं. एक तासासाठी बंद.

आठ वाजून चार मिनिटं झाली होती. माझा उजेड गेला. माझा डोळा मात्र उघडा होता. त्या दोन्ही हात वर करून तशाच उभ्या होत्या. मग हात खाली आले.

‘‘बघितलंस,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘बघितलंस आन बंद केलंस.’’

त्यानंतर त्या खिंडाराकडे निघाल्या. अंधारात पाइपवर पाय अडखळून पडल्या, गुडघा फुटला. माऊलीच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. दार उघडलं तेव्हा आठ वाजून सोळा मिनिटं झाली होती. माऊलीने पाय मोडले नाहीत. तो बॅटरी घेऊन धावत आला, आईला उचललं आणि गाडीत घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास किती वाजता सुरू झाला? त्याला सांगता आलं नाही. मला सांगता आलं असतं. मधली मिनिटं वाचली असती तर दगडाबाई वाचल्या असत्या का, ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

वाटेचं भांडण असलं तरी भावकीचं सुतक चुकत नाही. राजवर्धनला गावी यावं लागलं, मुंडण करावं लागलं. दहाव्याच्या संध्याकाळी माऊली खिंडारातून या अंगणात आला. त्याचंही डोकं तसंच. दोघं भाऊ माझ्याखाली समोरासमोर उभे राहिले.

‘‘दादा,’’ माऊली म्हणाला, ‘‘काकी म्हंत्यात, तू सगळं बघत हुतास.’’

‘‘वेडा आहेस का? ह्याला कॅमेराच नाही!’’

‘‘मग काकी खोटं बोलत्यात व्हय?’’

माऊलीने तिथूनच जोतीरामला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. जोतीराम म्हणाला, ‘‘न्हाय ओ, त्यात कॅमेरा कुठला? नुसतं हाललेलं कळतं. का बरं?’’

माऊलीने फोन बंद केला. कौसल्याबाई दगडावर बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं.

‘‘दिसत न्हाय तुला?’’

‘‘नाही, आई.’’

‘‘कदी बी दिसत नव्हतं?’’

‘‘तू तिकडं बोलू नयेस म्हणून म्हणालो होतो मी तसं. उगाच आपलं. साधी गोष्ट होती.’’

‘‘मग आमी दोघी कुणाला भिऊन बसत हुतो रं?’’

  माऊली त्याच खिंडारातून मान खाली घालून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी राजवर्धन पुण्याला.

जाताना तो मला काढून टाकणार होता. शिडी लावली होती. कौसल्याबाई म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे.’’

तेव्हापासून त्या रोज सातला येतात, दगडावर बसतात आणि मी विझायला आलो की हात हलवतात. फार नाही, नुसती बोटं. आठ वाजेपर्यंत मला विझू देत नाहीत. दर चाळीस सेकंदांनी पुण्यात एक ओळ जाते. पहिल्या आठवड्यात राजवर्धनने रोज फोन केले, त्यांनी घेतले नाहीत. एक बोट टेकवलं की त्याची सुटका आहे. ते बोट त्याला अजून टेकवता आलेलं नाही, आणि हे त्यांना माहीत आहे. सुप्रियाच्या हळदीला माऊलीने पुढच्या दाराने बोलावणं पाठवलं होतं. त्या गेल्या नाहीत. त्या संध्याकाळीही माझ्यासमोरच बसल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारखे दिवे तुमच्याही घरी असतील. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने त्यांची काच पुसा, डोळ्यावरचं जाळं काढा, पावसाळ्याआधी वायरची जोडणी बघून घ्या. एवढं केलंत तर आम्ही चोराला पळवून लावू आणि घरच्यांना वाट दाखवू. पण आम्हाला जे येत नाही, ते येतं असं सांगून आपल्या माणसांना आमची भीती घालू नका. तुमचा शब्द ती खरा धरतात. आणि ओळ आली की बंद करण्याआधी घरी फोन लावून विचारा, कोण आहे तिथे.

सात वाजत आले. दार वाजलं. मला लागायला हवं.