साखरेचा सदरा

नळीवर नाव नव्हतं. फक्त नंबर आणि तारीख. तारीख मात्र जिचा नमुना तिनेच लिहायची, असा अकाली बाळंतपणांवरच्या या अभ्यासाचा नियम. त्या तारखेतल्या सातच्या कमरेला आडवी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला बारीकशी गाठ. शाळेच्या वहीपासून सातला असा कमरपट्टा घालणारा हात एकच, ताईच्या धाकट्या बहिणीचा.

ताईने नळी उजेडात धरून तारीख पुन्हा वाचली.

योनीमार्गातले जिवाणू काचेवर पसरून त्यांच्या अंगावरची साखर रंगवायची, हे तिचं रोजचं काम. काही जिवाणू आपल्याच शरीरातल्या पेशींसारखी साखर पांघरून बसतात. चोराने घरच्या माणसाचा सदरा चढवला, की राखणदार हटकणार कशाला? ती साखर असली तर हिरवी चमक दिसते. या नळीतल्या नमुन्याची काच हिरवीगार लखलखत होती.

बहिणीला सातवा महिना. पहिलं बाळ सातव्यातच आलं आणि तीन दिवसांत गेलं. या अभ्यासात तिला ओढून आणलं ते ताईनेच.

"छान रंगलंय," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघत म्हणाल्या.

"पण याचा अर्थ काय, मॅडम?"

"तो कळला असता तर दुकान बंद करून घरी नसते का बसले? अशी चमक असूनही कितीतरी जणींची बाळं गुटगुटीत जन्मतात. काहींची नाही. का, तेच तर शोधतोय."

"तोवर त्या बाईला निदान सांगायला..."

"काय सांगशील? औषध आहे आपल्याकडे?" मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नंबर बघ. चेहरा बघू नकोस."

जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला.

"काय गं ताई, पोहोचले का माझे पाहुणे? नीट वागतायत ना?"

"नंबरांना नावं नसतात, बाई."

"अगं, गंमत केली! हे कार्टं सकाळपासून लाथा झाडतंय नुसतं."

"डॉक्टरांना दाखवून ये ना एकदा."

"परवाच तर गेले होते. सगळं ठीक म्हणाल्या." ती थबकली. "का गं? काही दिसलं का तुला?"

दिसलं होतं. पण काय दिसलं, ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही गं."

"मग झालं तर! तू तिथे बसलीयेस, म्हणून मी निवांत आहे बघ."

डबा तसाच ठेवून ताई उठली. त्याच नळीतून तिने दुसरी काच केली. रंग या वेळी जरा कमीच घातला.

तीही तितकीच उजळली.