जाड मोहरी

अमृतचं लग्न झालं त्याच साली, गणपती उठल्यावर, त्याची बायको प्रांजल लिंबाच्या लोणच्यासाठी मोहरी कुटत होती. कुटून कुटून हात भरून आला, पण नाकात झणका चढेना. सांगलीला माहेरी मोहरी बारीक असायची; रहिमतपूरकडची जाड असेल, असं म्हणून तिनं फडताळातली पुरचुंडी सगळीच खलात रिकामी केली होती.

सासू, बनुबाई, रानातून आली. तिनं खलात बोट घातलं, जिभेला लावलं आणि तिथंच उंबऱ्यावर टेकली.

"आगं माजे बाई, ह्यो मुळा हाय!"

बाजारात लोक 'बनुबाईचा मुळा' असं नाव घेऊन मागायचे. ते मुळ्याचं बी तिच्या सासूनं दिलेलं. चाळीस वर्षांत विकतचं आणलं नव्हतं.

प्रांजलनं बत्ता खाली ठेवला. तिला वर बघवेना.

"आवं आत्या, मला वाटलं..."

"तुला काय सपान पडणार हाय? वर नाव लिवल्यालं असतं, तर वाचलं असतंस. लिवाय येत न्हाई ती मला."

दोघींनी मिळून फडकं उजेडात धरलं. शिवणीत अडकलेले अकरा दाणे निघाले. कुटलेलं बी वाया गेलं नाही. त्याचंच लोणचं घातलं आणि बनुबाईनं ते वर्षभर नावाजून खाल्लं.

अकरातले नऊ दाणे परसात न्हाणीच्या पाण्यावर उगवले. बनुबाईनं त्यातला एकही मुळा उपटला नाही, शेजारणीला भाजीसाठी एकही कोवळी डिंगरी तोडू दिली नाही. शेंगा वाळून बी हाती येईपर्यंत तिला लिहिता यायला हवं होतं. रोज दुपारी पाटी निघे.

"एक मुळा, दोन मुळे," प्रांजल लिहून दाखवी. "आणि आपण तुज्यामुळं म्हणतो ना, ते लिहिताना असं. तुझ्यामुळे."

"म्हंजी तितंबी मुळेच?" बनुबाई तोंडाला पदर लावून हसली. "आपुन गुण गावं, आन् वाचणाऱ्यानं कोशिंबीर करून खावी!"

शिमग्याला वाटीभर बी झालं. पुढच्या हिवाळ्यात मुळा पुन्हा बाजारात गेला.

त्यानंतरच्या वर्षी, दसऱ्याच्या आत पेरायचं म्हणून, प्रांजलनं एकटीनंच फडताळ उघडलं. पुरचुंडीला लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा बांधला होता. त्याच्या कोऱ्या बाजूला, पेन दाबून दाबून काढलेली अक्षरं होती.

प्रांजलमुळे.

दोन शब्द असतील, मधली जागा सोडायची राहिली असेल. मुळा लिहिताना कान्याऐवजी चुकून मात्रा पडली असेल. प्र तर तिनं शिकवलाच नव्हता. तो पत्रिकेवरूनच उतरवलेला दिसत होता. तिनं चिठ्ठी पुन्हा होती तशीच बांधली, दोऱ्याला गाठसुद्धा तीच मारली, आणि बी ओंजळीत घेऊन परसात गेली.

बनुबाई त्याच साली, २०२४ च्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वारली होती.