सहा बरण्या गहू

"अगं, गव्हात नुसते किडे वळवळत होते! सहाच्या सहा बरण्या गच्चीवर उन्हात ओतल्या, एकच ढीग केला," सासूबाईंनी लढाई जिंकल्यासारखं सांगितलं.

सून दारातच थिजली. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

त्या बरण्यांत तिने चार महिने सोंडकिडे वाढवले होते. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी बजावलं होतं, सोमवारी तीन पिढ्यांची बरणीवार मोजदाद आणलीस तर संशोधनाची जागा तुझी. नाहीतर मागे रांग आहे. दोन पिढ्या मोजून झाल्या होत्या. तिसरी अजून दाण्यांच्या पोटात होती. पण घरात सांगायची सोय नव्हती. लग्नानंतर शिकू देतात हेच केवढे उपकार. त्यात किडे पाळते म्हटलं असतं तर कॉलेजच सुटलं असतं.

"आई, ते किडे मीच सोडले होते."

"सोडले? मुद्दाम?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तीस वर्षांत माझ्या डब्यात कुणाला किडा दिसला नाही. आणि सून मिळाली ती किडे पाळणारी!"

नवऱ्याने पेपरातून डोकं काढलं नाही. "किडेच ना? होतील परत. त्यांना काय आमंत्रण लागतं?"

मॅडम फोनवर दोनच शब्द बोलल्या, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी सासूबाईंना नातवंड हवं होतं.

ती गच्चीवर गेली. सासूबाई उरलेसुरले किडे वेचून पाण्याच्या ताटलीत टाकत होत्या. तीही शेजारी बसली. न बसून जाणार कुठे?

तिच्या तळहातावर एक किडा पाय आखडून पडला.

"मेलाय तो. टाक."

"नाही आई, सोंग आहे. हात लागला की असे पडतात. थोड्या वेळाने चालायला लागतात."

"मला शिकवतेस?" सासूबाई फणकारल्या. "म्हणून तर पाण्यात बुडवते. उन्हातले मेले लगेच उठतात. सावलीतले बघ, किती वेळ पडून राहतात ते."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने तळहात सावलीत धरला, दुसऱ्या हाताने पिशवीतली मोजदादीची वही उघडली आणि घड्याळ बघून वेळ लिहिली.

खालून नवऱ्याची चहासाठी हाक आली. मग आणखी एक, जरा चढ्या आवाजात.

"जा बाई, बोलावतोय."

तिने हात हलवला नाही.